दातांचा पाया आणि मूलपेशींची आशा



खानदेशातील घराघरांत कळण्याची भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे यांना जे स्थान आहे, ते वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु याच घरांत पन्नाशी उलटलेला कर्ता पुरुष भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागतो, शेंगदाणे बाजूला सारतो आणि ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय संपवितो. त्याच्या दातांना कीड लागलेली असतेच असे नाही. दात अखंड असतात, पण हलतात. आणि एखाद्या दिवशी धडधाकट दिसणारा दात सहज हातात येतो. समाज याला वार्धक्य म्हणतो. वैद्यकशास्त्र याला रोग म्हणते.

या रोगाचे रूढ नाव पायोरिया. यात दात शाबूत राहतो आणि त्याचा आधार नष्ट होतो. हा गेलेला आधार मूलपेशींच्या, म्हणजेच ‘स्टेम सेल’च्या साहाय्याने पुन्हा निर्माण करता येईल काय, या प्रश्नावर गेली दोन दशके जगभर संशोधन चालू आहे. वृत्तपत्रांतून त्याच्या वार्ता येतात, जाहिरातींतून आश्वासने येतात. यातील सिद्ध किती, संकल्पित किती आणि निव्वळ विक्रीची भाषा किती, हे जळगाव-धुळ्यातील सामान्य कुटुंबाला कळले पाहिजे. या विषयाच्या मांडणीचा हेतू तेवढाच आहे.

दात उभा कशावर असतो?

दात जबड्याच्या हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. घरातील बाज आठवावी. सुंभाची वीण निजणाऱ्याचा भार चारी बाजूंच्या चौकटीवर वाटून देते आणि थोडी लवतेही. दाताचे मूळ आणि त्याभोवतीचे हाड यांच्यामध्ये अशीच तंतूंची वीण असते. तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर. तंतूंचे एक टोक हाडात रुतलेले असते, तर दुसरे मुळावरील सिमेंटम नावाच्या पातळ, कठीण थरात. वरून हिरडीचे आवरण. हाड, तंतू, सिमेंटम आणि हिरडी हे चौघे मिळून दाताचा पाया होतो.

दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो काढला नाही तर त्यावर क्षार बसून त्याचे कठीण किटण होते. शरीर या जंतूंशी झुंजू लागते, हिरडी सुजते, घासताना रक्त येते. ही झुंज वर्षानुवर्षे चालली की तिच्या धगीत शरीर स्वतःचेच तंतू आणि हाड गमावू लागते. दुःखाची गोष्ट अशी, की या साऱ्या काळात बहुधा ठणका लागत नाही. किडलेली दाढ माणसाला रात्री झोपू देत नाही. पायोरिया मात्र मुकाट्याने पाया पोखरतो.

दंतवैद्याने किटण काढले, मुळे स्वच्छ केली, तर झीज थांबविता येते. गेलेले हाड आणि तंतू मात्र आपोआप पूर्ववत होत नाहीत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साफसफाईनंतर जी पोकळी उरते, तिच्यात हिरडीची त्वचा सर्वांत वेगाने शिरते आणि मुळालगत खाली उतरते. तंतू व हाड निर्माण करणाऱ्या पेशी संथ असतात. त्यांना जागाच उरत नाही. जखम भरते, पण पाया बांधला जात नाही. १९७६ साली मेल्चर या संशोधकाने हा विचार मांडला. १९८२ साली स्वीडनमध्ये निमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये पातळ पडदा बसवून त्वचेला अटकाव केला, संथ पेशींना अवधी दिला, आणि माणसाच्या दाताला नवे तंतू जोडले जाऊ शकतात हे दाखविले. या पडद्याची शस्त्रक्रिया आज आपल्याकडील हिरडीतज्ज्ञही करतात. निवडक आकाराच्या खड्ड्यांत ती उपयोगी पडते, सर्वत्र नाही.

सुश्रुताची दृष्टी

हा रोग आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात ६५ मुखरोगांची गणना आहे. त्यांपैकी १५ रोग केवळ दातांच्या मुळाशी होणारे म्हणून वेगळे काढले आहेत. हिरडीतून अकस्मात रक्त येणे आणि ती मऊ व दुर्गंधीयुक्त होणे, हा शीताद. पू आणि रक्त वाहून दात हलू लागणे, हा दंतवेष्ट. दात आणि दाताचे मूळ यांच्या रोगांत हा भेद करणे, म्हणजे ‘दात चांगला, पाया वाईट’ ही अवस्था डोळसपणे ओळखणे होय. याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात दंतधावनाची काडी किती लांब, किती जाड असावी, निंब, खदिर, मधूक आणि करंज ही झाडे कोणत्या रसासाठी श्रेष्ठ, इतक्या बारकाईने विवेचन आहे.

या वारशाचा अभिमान प्रत्येकाला असलाच पाहिजे. परंतु अभिमान आणि अभिनिवेश यांत अंतर आहे. सुश्रुताने मूलपेशींचे वर्णन केलेले नाही, आणि ते केले होते असे ओढूनताणून सिद्ध करण्याने त्याचा गौरव वाढत नाही. त्याचा खरा गौरव त्याच्या निरीक्षणाच्या शिस्तीत आहे. जे दिसले ते त्याने नोंदविले, वर्गीकरण केले, उपाय सांगितला. ही शिस्त पुढे चालविणे हेच त्याचे ऋण फेडणे आहे.

अक्कलदाढेत दडलेले बीज

शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी स्नायूचे, त्वचेची पेशी त्वचेचे काम करते. मूलपेशी मात्र स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करू शकते आणि योग्य परिस्थिती मिळाली तर निरनिराळ्या कामांच्या पेशींनाही जन्म देते. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर ती बियाण्यासाठी राखून ठेवलेली मूठ आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००० साली प्रौढांच्या दातातील गरामधून आणि २००३ साली मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांमधून अशा पेशी वेगळ्या केल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वर्ष २००४. त्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सेओ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माणसांच्या उपटलेल्या अक्कलदाढांच्या मुळांना चिकटून राहिलेल्या तंतूंतून त्यांनी मूलपेशी मिळविल्या. त्या पेशी उंदरांच्या शरीरात रोवल्यावर तेथे सिमेंटमसारखा थर आणि त्याला जोडलेले तंतू तयार झाले. दवाखान्यातील कचऱ्यात जाणाऱ्या दाढेला चिकटलेल्या त्या पाव मिलिमीटरच्या विणीत पाया पुन्हा उभारण्याचे बीज होते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पुढे प्रयोग डुकरांवर झाले, कारण त्यांचे जबडे माणसाच्या जबड्याला आकाराने जवळचे असतात. तेथेही हाड आणि तंतू परत येताना दिसले. त्यानंतर पाळी माणसाची आली.

माणसांवरील चाचण्यांनी काय सांगितले?

या ठिकाणी सर्वांनी थोडे थांबून विचार करावा, कारण वार्ता आणि वास्तव यांच्या वाटा येथेच वेगळ्या होतात.

चीनमधील शिआन येथील चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ३० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाच्या हाडातील खड्ड्यांत हाडाची भुकटी भरली. दुसऱ्या गटात त्याच भुकटीबरोबर रुग्णांच्याच दातांच्या तंतूंतील मूलपेशी भरल्या. वर्षभर पाहणी केली. मूलपेशींमुळे कोणालाही अपाय झाला नाही, ही जमेची बाजू. हाड दोन्ही गटांत वाढले. परंतु मूलपेशी मिळालेल्या गटात ते लक्षणीय अधिक वाढले, असे दिसले नाही. तुलनेचा गट नसता, तर हाड वाढल्याचे सारे श्रेय मूलपेशींना देऊन जगभर डंका पिटता आला असता. तुलनेचा गट होता म्हणून सत्य कळले.

जपानमध्ये टोकियो महिला वैद्यकीय विद्यापीठात वेगळी पद्धत अवलंबिली. पेशी सुट्या न भरता प्रयोगशाळेत त्यांचा पापुद्रा वाढवायचा, असे तीन थर एकावर एक ठेवून तो मुळावर लावायचा. १० रुग्णांवरील या उपचाराचे वृत्त २०१८ साली प्रसिद्ध झाले. गंभीर अपाय झाला नाही आणि आधारात सुधारणा दिसली. मात्र या प्रयोगात तुलनेचा गट नव्हता. म्हणून त्याला आश्वासक म्हणावे, निर्णायक म्हणू नये.

याशिवाय २०२४ साली जपानमध्येच क्योतो येथे नवा दात उगवू शकेल अशा औषधाची माणसांवरील चाचणी सुरू झाली, ही वार्ता अनेकांनी वाचली असेल. ते औषध दाताची वाढ रोखणाऱ्या एका प्रथिनाला अडविते. त्याचा मार्ग निराळा आहे आणि हललेल्या दाताच्या पायाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही वार्ता एकत्र कालवून ‘स्टेम सेलने दात उगवतात’ असे सांगणे योग्य नव्हे.

मूलपेशींचा उपचार सिद्ध आहे तो रक्ताच्या आणि तत्सम काही विकारांत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. अस्थिमज्जेतील मूलपेशी नवे रक्त निर्माण करतात, हे तेव्हापासून आपल्या देशात असंख्य रुग्णांनी अनुभवले. दातांच्या पायाच्या बाबतीत तो दिवस यायचा आहे.

भीतीचा आणि मायेचा बाजार

विज्ञान संथ चालते. बाजाराला तितका धीर नसतो. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत आईवडिलांना असे सांगण्यात आले, की मुलाचा पडलेला दुधाचा दात टाकून देऊ नका, तो आमच्या पेढीत ठेवा, वार्षिक शुल्क भरा, पुढे त्यातील पेशी मुलाच्या आजारपणात उपयोगी पडतील. मुलासाठी पोटाला चिमटा घेणारे आईवडील अशा वेळी ‘नको’ म्हणायला धजत नाहीत. मायेचा असा सौदा करणे उचित आहे काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूलपेशी संशोधनाविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत नाळेतील रक्त वगळता दात, मेद, नाळेच्या ऊती आदी अन्य जैविक पदार्थांच्या व्यापारी पेढ्यांना अनुमती दिलेली नाही. रक्ताच्या ठरावीक विकारांतील प्रत्यारोपण सोडून मूलपेशींचा माणसावरील प्रत्येक वापर ही चाचणीच मानावी आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असेही तेथे स्पष्ट आहे. २०१३ च्या आवृत्तीपासून या तत्त्वांच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्द हेतुतः वगळला गेला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

साधा तर्कही हेच सांगतो. पायोरियाचा उपद्रव बहुधा तिशी-चाळिशीनंतर वाढतो. शिआन व टोकियो येथील चाचण्यांत पेशी मिळविल्या त्या रुग्णांच्याच दातांतून, उपचाराच्या वेळी. तीस वर्षे गोठवून ठेवलेल्या दुधाच्या दाताची कोणालाही गरज पडली नाही.

आणखी एक गोष्ट. अनेक दवाखान्यांत रुग्णाचेच थोडे रक्त काढून, यंत्रात फिरवून त्याचा जाळीदार गोळा हिरडीखालील जखमेत ठेवतात. जखम भरण्यास त्याची मदत होते. तो रीतसर उपचार आहे. परंतु ती मूलपेशींची चिकित्सा नव्हे, आणि त्या नावाने अधिक पैसे कोणी मागत असेल तर देऊ नयेत.

धुळे हे इतिहासाचार्य राजवाडे यांच्या अखेरच्या वर्षांचे गाव. १९२६ साली त्यांचे तेथे निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अस्सल कागद हाती असल्याखेरीज इतिहासात विधान करू नये, हा आग्रह त्यांनी जन्मभर धरला. त्यासाठी ते गावोगाव दप्तरे शोधीत फिरले. हाच आग्रह खानदेशच्या माणसाने आरोग्याच्या बाबतीत धरावा. मूलपेशींचा उपचार कोणी सुचविला तर तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदणीत नोंदलेली आहे काय? नीतिसमितीची अनुमती आणि लेखी संमतिपत्र आहे काय? आणि यासाठी पैसे का मागता?

आज काय करावे?

गेलेला पाया परत आणण्याचे शास्त्र प्रयोगशाळेत आहे. असलेला पाया टिकविण्याचे शास्त्र घरात आहे, आणि ते अतिशय स्वस्त आहे.

रोज दोन वेळा, रात्री झोपण्यापूर्वी न चुकता, मऊ केसांच्या ब्रशने दात आणि हिरडी यांचा सांधा हळुवार घासावा. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातवणाची सवय असेल तर काडी नीट चावून मऊ करावी. हिरडी खरवडू नये. घासताना रक्त आले म्हणून घासणे सोडू नये, कारण रक्त ही रोगाची सूचना आहे. वर्षातून एकदा दंतवैद्याकडून तपासणी आणि आवश्यक तेव्हा किटण काढून घ्यावे. ‘किटण काढले की दात हलू लागतात’ हा आपल्याकडे खोलवर रुजलेला गैरसमज आहे. किटणाने झाकलेली झीज किटण निघाल्यावर दिसते, इतकेच. मधुमेह असेल तर दुप्पट दक्षता घ्यावी. मधुमेहाने हिरडीचा रोग बळावतो आणि हिरडीच्या रोगाने साखर ताब्यात ठेवणे कठीण होते.

आणि तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. त्यातही धूर न काढता खाण्या-लावण्याचे प्रमाण २४.४ टक्के. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण शेतातल्या चुन्याच्या डबीवर आणि माजघरातील मशेरीवर कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे घरातील माणसाचाच शब्द पोहोचतो. मशेरीने दात स्वच्छ होतात असे मानणाऱ्या आजीला तिच्या नातवाने प्रेमाने समजावले, तर ती ऐकण्याची शक्यता अधिक. तंबाखू जेथे ठेवली जाते तेथील हिरडी मागे सरते आणि मुखकर्करोगाचे भय असते ते वेगळेच.

खानदेशाचे कर्तव्य

संशोधनाच्या क्षेत्रात आपण प्रेक्षक राहावे काय? पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे डॉ. रमेश भोंडे यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी मूलपेशींवर दीर्घकाळ काम केले. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात पुनर्जननविषयक प्रयोगशाळा आहे. म्हणजे महाराष्ट्रात या विद्येची पेरणी झाली आहे. धुळ्यात जवाहर मेडिकल फाउंडेशनचे दंत महाविद्यालय आहे. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जीवशास्त्राचे अध्यापन व संशोधन चालते. ज्या अक्कलदाढेत बीज दडले आहे, ती येथेही रोज उपटली जाते. संमती घेऊन, नीतिनियम पाळून, पुण्याच्या संस्थांशी हात मिळवून येथील तरुण अध्यापक आणि विद्यार्थ्यांना या कामात सहभागी होता येईल. मोठी प्रयोगशाळा उभी राहीपर्यंत गावोगावच्या हिरडीच्या रोगाची, तंबाखूच्या सवयीची आणि मधुमेहाची काटेकोर नोंद करणे तर आजही शक्य आहे. सुश्रुताची शिस्त ती हीच.

जळगावात माधवराव गोळवलकर स्वयंसेवी रक्तपेढी आहे. तिच्यामागील विचार प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. रक्त कोणी स्वतःसाठी साठवून ठेवीत नाही. ज्याला आवश्यक आहे, त्याला ते मिळते. पेशींच्या विद्येकडेही याच दृष्टीने पाहावे. आपल्या मुलाचा एक दात शुल्क भरून तिजोरीत ठेवण्यापेक्षा रक्तदान करणे, रक्तमूलपेशींचा दाता म्हणून नाव नोंदविणे, संशोधनाला सहकार्य करणे, यांतून अधिक जीव वाचतील. उद्या दातांचा पाया बांधणारा उपचार सिद्ध होईल तेव्हा तो चोपड्याच्या शेतमजुराला आणि साक्रीच्या वनवासी भगिनीला परवडेल असा असावा, अशी अपेक्षा समाजाने आजपासूनच बाळगली पाहिजे.

प्रत्येक शाखेने, प्रत्येक महिला मंडळाने वर्षातून एकदा आपल्या वस्तीत हिरडीच्या तपासणीचे शिबिर घ्यावे. दंतवैद्यांना बोलवावे, ज्येष्ठांना हाताला धरून न्यावे, मुलांना घासण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी. पायोरिया आवाज न करता येतो. त्याला रोखणारे कामही असेच गाजावाजा न करता, नित्यनेमाने करावे लागेल.